लिंक काढायला लावणाऱ्या परिपत्रकाबद्दल : नाशिकच्या कॉलेजांमधल्या प्रोजेक्ट कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या कॉलेजांचे प्राचार्य, प्रोजेक्ट कमिटीचे मेंबर आणि सगळे गाईड सर-मॅडम

नमस्कार.

सबमिशनला तीन आठवडे राहिलेले असताना एका कॉलेजने प्रोजेक्टबद्दल नवीन परिपत्रक काढलंय. कॉलेजचं नाव लिहीत नाही, घाबरून नाही, तर हेच मुद्दे थोड्याफार फरकाने बाकीच्या कॉलेजांची पोरंही सांगतायत म्हणून, एकालाच धरून बाकीच्यांना सोडण्यात अर्थ नाही. परिपत्रक एका पानाचं आणि त्यातल्या कामाच्या ओळी चार. संदर्भ किमान २५ पाहिजेत. इंटरनेट किंवा वेबसाइटचे संदर्भ ग्राह्य धरले जाणार नाहीत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे साम्य, म्हणजे दुसरीकडच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, १० टक्क्यांच्या वर निघालं तर प्रोजेक्ट परत आणि अंतर्गत गुण शून्य. आणि संदर्भसूची एपीए या संदर्भ लिहायच्या ठरलेल्या पद्धतीनेच.

मी कोण विचाराल तर कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंग, झेरॉक्स आणि बायंडिंगचं दुकान आहे. त्याआधी बी.लिब. केलं, एका कॉलेजच्या लायब्ररीत कंत्राटावर नोकरी केली, कंत्राट संपलं, मग हे. म्हणजे तुमच्या टेबलावर काळ्या रेग्झिनमध्ये सोनेरी अक्षरं छापून जो प्रोजेक्ट येतो तो त्याआधी माझ्या टेबलावर सुट्ट्या पानांचा असतो, पोरगं समोर बसलेलं असतं, आणि खरं काय ते सांगून टाकतं कारण मला गुण द्यायचे नसतात.

अशा परिपत्रकांवर माझा धंदा चालतो हेही खरंय. जितका गोंधळ जास्त तितकी मार्च-एप्रिलमध्ये रात्री उशिरापर्यंत दुकानात गर्दी. त्यामुळे हे पत्र लिहून मी स्वतःच्याच पोटावर पाय देतेय असं आमच्या घरात म्हणतात. म्हणू देत.

आधी ती वेबसाइटची ओळ, कारण सगळ्यात जास्त वाट तिनेच लावलीय.

परिपत्रक फिरल्यापासून दुकानात एकच वाक्य ऐकतेय, "ताई, तेवढ्या लिंका काढून टाका ना." म्हणजे पोराने लेख ऑनलाइन वाचला, लेखकाचं नाव, वर्ष, जर्नल सगळं नीट लिहिलं, शेवटी लिंक दिली, आणि आता ती लिंक खोडायची म्हणजे छापील अंक हातात घेऊन वाचल्यासारखं दिसेल. एक मुलगी काळाराम मंदिर सत्याग्रहावर काम करतेय, २ मार्च १९३० ला सुरू झालेला तो. तिने सरकारने छापलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड पीडीएफमध्ये वाचलेत, जुन्या नाशिकची माहिती १८८३ च्या गॅझेटियरमधून घेतलीय जे राज्य सरकारने स्वतःच ऑनलाइन ठेवलंय, पान नंबर टिपलेत, वहीत टिपणं आहेत, मी बघितलीत. आता तिला तुम्ही सांगताय की कुठे वाचलं ते लपव. परिपत्रकाच्या डोक्यावर लिहिलंय "संशोधनातील प्रामाणिकता" आणि त्यातली अट पाळायची तर पोरीने खोटं लिहायचं, हे कमिटीतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही का?

तुम्हाला काय नकोय ते मला कळतं. संदर्भसूचीत नुसतं "गुगल" लिहिलेलं मीपण बघितलंय, "विकिपीडिया" एवढंच, कुठलं पान ते नाही, "इंटरनेटवरील विविध लेख" असाही एक संदर्भ बघितलाय. हे बंद व्हायलाच पाहिजे, मी तुमच्या बाजूने आहे. पण वेबसाइट ही नुसती जागा झाली, तिथे काय ठेवलंय ते बघायचं असतं. कोणाचा तरी हौशी ब्लॉगही वेबसाइटवर आणि तज्ज्ञांनी तपासून छापलेला जर्नलमधला लेखही वेबसाइटवर. शोधगंगेवरचे पीएचडीचे प्रबंध वेबसाइटवर, लासलगावच्या कांद्याचे रोजचे भाव देणारं सरकारचं अ‍ॅगमार्कनेट वेबसाइटवर, मराठी विश्वकोश वेबसाइटवर. कितीतरी चांगली जर्नल्स आता कागदावर निघतच नाहीत, त्यांचं पोरांनी काय करायचं? कोणी लिहिलं, कुठे आलं, कधी आलं आणि छापायच्या आधी कोणी तपासलं, हे सांगता येत नसेल तर तो संदर्भ चालणार नाही, एवढं लिहिलं असतं तरी काम झालं असतं.

आणि छापील पुस्तकांच्या विरोधात मी असणं शक्यच नाही, लायब्ररीतली माणूस आहे मी. सार्वजनिक वाचनालय या गावात १८४० पासून आहे, पोरांना मीच तिकडे पिटाळते. पण तिथे जाऊन वाचणं वेगळं आणि तिथे गेल्याचं दाखवण्यासाठी लिंक खोडणं वेगळं.

दुसरी गोष्ट शोधण्याची. पोरांना लेख शोधता येत नाहीत, सगळं आयतं पाहिजे, असं तुमच्यातले बरेच जण म्हणतात, बायंडिंग न्यायला येतात तेव्हा माझ्यासमोरच म्हणतात. शोधायचं कसं हे त्यांना कोणी, कधी, कुठल्या तासाला दाखवलं?

निफाडकडचा एक मुलगा, विषय कांदा साठवणुकीचा, म्हणाला मटेरियलच नाहीये ताई या विषयावर. शोधलंस कसं विचारलं तर मोबाइल दाखवला. प्रोजेक्टचं अख्खं शीर्षक, "नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादक शेतकऱ्यांच्या साठवणूकविषयक समस्यांचा चिकित्सक अभ्यास", हे जसंच्या तसं टाकलेलं. मग येणार काय, दोन बातम्या आणि यूट्यूब. शीर्षक मोडून कांदा, साठवणूक, भाव, लासलगाव असे सुटे शब्द केले, त्यांचे इंग्रजी शब्द घेतले, साध्या गुगलऐवजी फक्त अभ्यासाचे लेख शोधणारं गुगल स्कॉलर उघडलं. नाशिकचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या लिखाणात एच नसलेलं असतं, दोन्ही टाकून बघावं लागतं नाहीतर जुनं साहित्य दिसतच नाही, हे या गावात राहून त्याला माहीत नव्हतं आणि माहीत असायचं कारणही नाही. एक बरा लेख सापडला. त्याच्या खाली "साइटेड बाय" असतं, तिथे दाबलं की पुढच्या काळात कोणी कोणी त्या लेखाचा आधार घेतला ते मिळतं, आणि लेखाच्या शेवटच्या संदर्भसूचीतून मागच्या काळातलं मिळतं. पैसे मागणारं पान आलं तर तिथेच खाली "ऑल व्हर्जन्स" बघायचं, बऱ्याचदा लेखकाने स्वतःच कुठेतरी पीडीएफ ठेवलेली असते. झेरॉक्स मशीन चालू, गिऱ्हाईक उभं, त्यातल्या त्यात हे सगळं झालं आणि पोराला पुरतील इतके लेख निघाले. मटेरियल नाही म्हणत होता तो! आता मला सांगा, हे काम झेरॉक्सवालीचं आहे का?

बरं, लॉगिनचं. यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट म्हणून ऑनलाइन वाचायची सोय आहे, कॉलेज वर्गणी भरतं, त्यात सहा हजारांवर ई-जर्नल्स आहेत आणि विद्यार्थ्याला स्वतःचं लॉगिन मिळू शकतं. दुकानात येणाऱ्या पोरांना मी विचारते, लायब्ररीतून लॉगिन घेतलंस का, तर बहुतेकांनी नावच ऐकलेलं नसतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये मात्र ते असतं, त्या फाइलीपण आमच्याकडेच बाइंड होतात. त्यात एक सर पोरांना सांगतात की आता केंद्र सरकारने सगळी जर्नल्स फुकट केलीत, कारणं देऊ नका. सर, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने वन नेशन वन सबस्क्रिप्शन मंजूर केलं हे बरोबर, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, योजना मोठीच आहे. पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकार स्वतः चालवतं त्या संस्थांसाठी आहे, आणि नाशिकमधली बहुतेक कॉलेजं खाजगी शिक्षण संस्थांची आहेत. आपलं कॉलेज त्यात आहे की नाही हे नोटीस बोर्डावर एका ओळीत लावा, पोरं उगाच बंद दारावर धडका मारतायत.

पेठ-सुरगाण्याकडून एसटीने येणाऱ्या पोरांचं तर अजून वेगळं, त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, दोन कॉलमची इंग्रजी पीडीएफ मोबाइलवर बोटाने मोठी करत करत वाचतात, संध्याकाळची गाडी पकडायची म्हणून लॅब उघडी असते तेव्हा थांबता येत नाही. २५ संदर्भांची अट लावताना हे पोरगं डोळ्यासमोर होतं का कोणाच्या?

तिसरी गोष्ट सारांशाची, आणि माझ्या मते खरं दुखणं इथे आहे, पण परिपत्रकात याच्यावर एक अक्षर नाही. "पूर्वसंशोधनाचा आढावा" नावाचं प्रकरण तुम्ही मागता. ते कसं तयार होतं सांगू का? इंग्रजी लेखाचा वरचा गोषवारा कॉपी करायचा, ट्रान्सलेटमध्ये टाकायचा, मराठी आली की पेस्ट. साम्य जास्त दाखवलं की परत इंग्रजी करून परत मराठी. किंवा सरळ एआयला पीडीएफ द्यायची आणि दहा ओळी मागायच्या. लेख कोणीच वाचलेला नसतो. एका प्रोजेक्टमध्ये कर्नाटकातल्या शेतकऱ्यांचा अभ्यास होता, फिरून फिरून तो "सदर अभ्यासानुसार शेतकऱ्यांना" असा झाला, आणि शेवटच्या प्रकरणात तोच निष्कर्ष निफाड तालुक्याचा म्हणून आला. प्रोजेक्ट मार्गदर्शकांच्या सहीनिशी आलेला होता. मी पोराला विचारलं तेव्हा तो प्रामाणिकपणे गोंधळला, त्याला वाटत होतं सारांश म्हणजे लांब मजकूर लहान करणं, बास.

मी त्यांना पाठकोरा कागद देते. लेख वाच, बंद कर, आणि न बघता सहा ओळी लिही मराठीत. अभ्यास कोणी केला, कुठे केला, किती लोकांवर किंवा कशावर, कोणत्या वर्षी, काय निघालं, आणि आपल्या अभ्यासात काय कमी आहे हे लेखक स्वतः काय म्हणतो. त्या शेवटच्या ओळीला पोरं अडतात कारण ती गोषवाऱ्यात नसते, त्यासाठी लेखाच्या शेवटाकडे जावंच लागतं. सहा ओळी लिहिता आल्या नाहीत तर लेख वाचलेला नाही, यादीत टाकू नको. याला सॉफ्टवेअर लागत नाही, वर्गणी लागत नाही. असे आठ कागद प्रोजेक्टला मागे जोडले तर गाईडला पाच मिनिटांत कळेल पोराने काय वाचलंय, २५ नावांच्या यादीवरून जन्मात कळणार नाही.

कारण २५ नावं कुठून येतात तेही सांगते. पोराने खरे वाचलेले असतात सात-आठ. बाकीचे भरायचे म्हणून एआयला सांगतात, या विषयावर संदर्भ दे एपीएमध्ये. आणि ते देतं, काय सुंदर देतं, लेखकांची नावं पटण्यासारखी, जर्नल खरंखुरं, खंड, अंक, पानं सगळं जागच्या जागी, फक्त तो लेख कोणी कधी लिहिलेलाच नसतो. हे आपल्याच पोरांचं होतंय असं नाही, न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले कोर्टात दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलर दंड भरायची वेळ आली. तिथे वकील फसले तर एसवाय-टीवायच्या पोराचं काय घेऊन बसलात. पकडायला मिनिटभर लागतं. जर्नलच्या लेखाला बहुतेक वेळा डीओआय असतो, १० ने सुरू होणारा नंबर, तो डीओआय डॉट ओआरजीवर टाकायचा, काहीच उघडलं नाही किंवा भलताच लेख उघडला तर समजायचं. डीओआय नसेल तर शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून स्कॉलरवर बघायचं. मी बायंडिंगच्या आधी चाळा म्हणून दोन-तीन तपासते, आणि निघतात हो, सही-शिक्क्यानिशी आलेल्या प्रोजेक्टमध्ये निघतात. पोरगं पांढरं पडतं. त्याला खोटेपणा करायचा नव्हता, २५ करायचे होते.

एआयबद्दल परिपत्रकात शब्द नाही, वर्गात तोंडी "वापरू नका" सांगतात म्हणे, आणि वापरतात सगळेच, सरही वापरतात (परिपत्रकाची भाषा बघून मला शंका आलीच होती, जाऊ दे). शब्द शोधायला, अवघड परिच्छेद समजून घ्यायला वापरलं तर चालेल का? संदर्भ मागायला नाही, हे कुठे लिहिलंय? लेखी नियम नसेल तर प्रत्येक गाईडचा नियम वेगळा होतो आणि मार पोरं खातात.

आता १० टक्के. परिपत्रकात "यूजीसीच्या नियमानुसार" असं लिहिलंय म्हणून मी तो नियम परत काढून वाचला. २०१८ चं विनियमन आहे ते, शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्याला प्रतिबंध याबद्दलचं. त्यात सुरुवातीलाच व्याख्या आहेत, आणि ज्या लिखाणाला हा नियम लागू होतो त्याच्या व्याख्येत शोधनिबंध, प्रबंध, पुस्तकं वगैरे घेतलंय आणि पुढे स्पष्ट म्हटलंय की असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध, उत्तरपत्रिका यातून वगळलेत. प्रोजेक्ट रिपोर्ट वगळलेत. मग टीवायच्या प्रोजेक्टला कुठला नियम लावताय? कॉलेजला स्वतःचा नियम करायचा असेल तर जरूर करा, पण मग तो कॉलेजचा नियम आहे असं लिहा, यूजीसीचं नाव घेऊन पोरांना घाबरवू नका.

आणि ज्यांना तो लागू आहे त्यांच्यासाठीही तो इतका आंधळा नाहीये. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश साम्यातून वगळायचे. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं वगळायची. कायद्याचा मजकूर वगळायचा. योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही धरायचे नाहीत. १० ते ४० टक्क्यांमध्ये निघालं तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून परत द्यायची मुभा आहे, शून्य गुण वगैरे काही नाही. एका मुलाचा रिपोर्ट १९ टक्के आला म्हणून तो रडकुंडीला आलेला, आम्ही दोघांनी रिपोर्ट उघडून बघितला तर लाल झालेलं निम्म्याहून जास्त त्याची संदर्भसूची आणि कायद्यातली कलमं होती. म्हणजे जो जास्त संदर्भ देणार त्याचं साम्य जास्त दिसणार! रिपोर्ट कोणी उघडलाच नव्हता, पहिल्या पानावरचा आकडा बघून परत दिलेला.

याच नियमात तुमच्यासाठी काय लिहिलंय तेही सांगते, कारण ते कधी कुठल्या परिपत्रकात येत नाही. संस्थेने दर सत्रात याबद्दल जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, श्रेय कसं द्यायचं हे विद्यार्थ्यांना शिकवावं, सचोटीची मूळ तत्त्वं पदवीच्या अभ्यासक्रमातच घ्यावीत. शिक्षेच्या टक्केवारीच्या आधी आलेत हे मुद्दे. तुम्ही मागची पानं वाचलीत आणि पुढची सोडलीत.

त्या आकड्याच्या भीतीवर काय धंदे उभे राहिलेत ते तुम्हाला ठाऊक असेलच. "साम्य कमी करून मिळेल", पानावर रेट. मी करत नाही, तसा बोर्ड लावलाय, तरी रोज कोणीतरी विचारतंच.

एपीएचं थोडक्यात सांगते. एपीए घ्या, एमएलए घ्या, मला काही म्हणायचं नाही, पण मराठी प्रोजेक्टला मराठी नमुना द्या की. मराठी आणि इंग्रजी संदर्भ एकाच यादीत लावायचे की वेगळे? एक सर म्हणतात वेगळे, दुसऱ्या मॅडम म्हणतात सगळे रोमनमध्ये करा, तिसरे म्हणतात आधी होतं तेच बरं होतं, आणि प्रत्येक वेळी पोरगं शेवटची चार पानं परत प्रिंट मारतं. विश्वकोशातल्या नोंदीला लेखक असतो, नाव नोंदीच्या शेवटी असतं, हे सांगितल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे सगळ्या नोंदी "मराठी विश्वकोश" याच नावावर जातात. संदर्भात लेखकाच्या नावाआधी डॉ., प्रा. लावत नाहीत हे सांगितलं तर पोरं घाबरतात, "आमच्याच सरांचा लेख आहे ताई, डॉ. काढलं तर चिडतील." आता याला मी काय करू! जुन्या मराठी पीडीएफ तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात, कॉपी केलं की भलतीच अक्षरं येतात, शोधयंत्रालाही त्या सापडत नाहीत, म्हणजे मराठीतून काम करणाऱ्याला आधीच दुप्पट मेहनत. त्याला उलट थोडी जास्त मदत पाहिजे.

लिंक दिली तरी ती टिकेल याची खात्री नसते हा तुमचा आक्षेप असेल तर तो मला मान्य आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये तपासलं तर २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नव्हती. पण म्हणून लिंकच नको असं करायचं नसतं, डीओआय असेल तर तो द्यायचा, नसेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ते पान सेव्ह करून तिथली लिंक द्यायची, आणि कांद्याच्या भावासारखं रोज बदलणारं काही असेल तर कोणत्या तारखेला बघितलं ते लिहायचं. झालं.

तर माझ्या मागण्या सरळ आहेत.

वेबसाइटचे संदर्भ चालणार नाहीत ही ओळ या वर्षीच्या सबमिशनच्या आधी मागे घ्या आणि लेखी कळवा, तोंडी नको. ज्यांनी लिंका काढून प्रिंट मारलीय त्यांना त्या परत घालायला पानं बदलू द्या. बाइंड झालेला प्रोजेक्ट असेल तर शेवटी एक पान चिकटवलेलं चालेल असं म्हणा, पोरांना परत शंभर-दोनशेचा भुर्दंड नको.

२५ चा आकडा काढा. पदवीला आठ-दहा खरोखर वाचलेले संदर्भ आणि प्रत्येकाचा सहा ओळींचा हाताने लिहिलेला सारांश मागा, मौखिक परीक्षेला त्यातले कुठलेही दोन उघडून प्रश्न विचारा.

सहीआधी गाईडने प्रत्येक प्रोजेक्टमधले तीन संदर्भ खरे आहेत का ते स्वतः तपासावेत. तीन म्हणतेय, २५ नाही.

साम्याचा रिपोर्ट विद्यार्थ्यासमोर उघडून वाचा, संदर्भसूची आणि अवतरणं वगळून. नुसत्या आकड्यावर कोणाचा प्रोजेक्ट परत करू नका, आणि यूजीसीचं नाव घ्यायचं तर अख्खा नियम नोटीस बोर्डावर लावा.

एन-लिस्टचं लॉगिन प्रवेशाच्या वेळी ओळखपत्राबरोबरच द्या. पुढच्या वर्षीपासून विषय ठरायच्या आधी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्येच, लायब्ररीत दोन तासांचं प्रात्यक्षिक घ्या, दहा-दहाच्या गटाने, मोबाइल हातात घेऊन, आणि ते लायब्ररीयनला घेऊ द्या. ती पोस्ट भरलेली नसेल तर आधी ती भरा. (यात माझा स्वार्थ दिसेल. असू दे, पोस्ट भरा, मला नका घेऊ.)

मराठीतला एक पानी नमुना काढा, पुस्तक, जर्नलमधला लेख, वर्तमानपत्र, विश्वकोशातली नोंद, प्रबंध, सरकारी आकडेवारी, प्रत्येकाचं एक उदाहरण, आणि सगळ्या गाईडनी तोच पाळायचा. नाशिकमधली कॉलेजं एकत्र बसली तर एकच नमुना सगळ्यांना चालेल. टाइप करून देण्याचे मी पैसे घेणार नाही.

एआय कशाला चालेल आणि कशाला नाही हे परिपत्रकात लिहा.

सबमिशनची तारीख जवळ आहे, त्यामुळे पहिल्या मागणीचं उत्तर या आठवड्यात पाहिजे, बाकीच्यांना जूनपर्यंत वेळ आहे. माझ्याशी बोलायचं असेल तर दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं, सबमिशनच्या आठवड्यात त्याच्याही पुढे.

आपली,
कॉलेज रोडमागची टायपिंग-बायंडिंगवाली
नाशिक